दारवाल्या ताईचा आवाज

भुताच्या सिनेमांची गोडी आधी ताईला लागली, सोन्याला नाही. पुढे हे मानायला कुणी तयार होईना, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. सोन्या तिचा धाकटा भाऊ. लहानपणी पडद्यावर एखादं दार करकरलं की तो उशीत तोंड खुपसायचा आणि तिथूनच विचारायचा, "ताई, गेली का ती? आता बघू का?" मग ताई त्याला सांगत बसायची. बाई जिन्यात आलीये, आता थांबलीये, आता वर बघेल, तू नको बघूस अजून. सोन्याने ते सिनेमे पाहिले असे नाहीतच, ताईच्या तोंडून ऐकले.

ताईचा आवाज जाडा होता. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. शाळेत पोरं तिला 'भोंगा' म्हणायची आणि फोनवर परकी माणसं 'साहेब' म्हणायची. कविता म्हणायला बाईंनी तिला कधी उभं केलं नाही. हळूहळू ती चारचौघांत कमी बोलायला लागली आणि घरी येऊन भावापाशी सगळी कसर भरून काढायला लागली.

मोठी झाल्यावर तिला कानाच्या दवाखान्यात नोकरी लागली. ऐकू किती येतं ते तपासण्याची. काचेपलीकडच्या खोलीत पेशंट कानाला हेडफोन लावून बसायचा आणि अलीकडे मशीनसमोर ताई. आधी बारीक शिट्ट्या वाजवायच्या आणि मग शब्द म्हणायचे. दोरी, चमचा, बादली, खिडकी. पेशंटने ओठ वाचू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरायचा. मशीनवरचा काटा ठरलेल्या रेघेवर हलला पाहिजे, पुढे नाही, मागे नाही. लहान मुलं असली तर त्यांच्या हातात लाकडी ठोकळा द्यायचा आणि आवाज आला की तो डब्यात टाकायला शिकवायचं. ताईच्या हाताखाली मुलं पटकन शिकत. ज्या आवाजाने तिचं बालपण कडू केलं, त्याच आवाजाला इथे किंमत होती, कारण बहिऱ्या कानांत आधी जाडे सूरच शिरतात.

चॅनेलची कल्पना मात्र सोन्याची, हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. त्याची तेव्हा नोकरी सुटलेली होती. लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देण्याचं काम यायचं, तेही कधीमधी. एका दुपारी तो ताईच्या खोलीवर आला आणि म्हणाला, "ताई, लहानपणी मला सांगायचीस तसं सांग ना. एखाद्या सिनेमाबद्दल. मी चित्रं लावतो." ताईने आढेवेढे घेतले, पण फार नाही. बाहेरचा आवाज नको म्हणून ती कपड्यांच्या कपाटात शिरली, लोंबणाऱ्या कोटांमध्ये बसली आणि माईक मांडीवर घेतला. सुरू करणार तोच शेजारची मंडळी बोळातून बोलत गेली. ताई वैतागून म्हणाली, "अरे, दार लावून घ्या." सोन्याने ते तसंच ठेवलं. तेच चॅनेलचं नाव झालं, आणि प्रत्येक व्हिडिओची सुरुवातही.

आठ वर्षांत 'दार लावून घ्या' घराघरांत पोचलं. सिनेमा निवडायचा ताईने, पाहायचा ताईने, लिहायचा ताईने, बोलायचा ताईने. सोन्या चित्रं लावायचा, आणि छान लावायचा. तो अंधार कुठे ताणायचा, कुठे तोडायचा, ते त्याला बरोबर कळायचं. ऐकणारे ताईला 'दारवाली ताई' म्हणायला लागले. चेहरा कुणी पाहिला नव्हता. पहारेकरी, परिचारिका, बाळाला घेऊन जागणाऱ्या आया, नाना तऱ्हेचे लोक लिहायचे की तुमच्या आवाजाने भीतीही वाटते आणि धीरही येतो. ताई ते वाचायची आणि दिवसभर अंगावर मूठभर मांस घेऊन वावरायची. सोन्या कार्यक्रमांना जायचा, फोटो काढून घ्यायचा, मुलाखती द्यायचा. ताईला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला कपाटच आवडायचं.

मग 'बहिरं घर' नावाचा सिनेमा आला.

सिनेमावाल्यांनी सोन्याला पहिल्या खेळाला बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं, दिग्दर्शकाने खांद्यावर हात टाकला. सोन्या हवेतच घरी आला. ताईने सिनेमा नंतर एकटीने पाहिला. त्यातलं भूत म्हणजे एक बहिरी मुलगी होती. तळघरात कोंडलेली. तिला बोलता येत नसे, म्हणजे येत होतं, पण बहिरी मुलं शिकताना बोलतात तसं, तुटक, नाकातून, सूर सुटलेलं. ती 'आई' म्हणायची आणि थिएटरातली माणसं किंचाळायची. सगळा सिनेमा त्या एका हाकेवर बेतलेला होता. ताई अर्ध्यातून उठली नाही, शेवटपर्यंत बसली, आणि बाहेर येऊन पायऱ्यांवरच तिने सोन्याला फोन लावला.

"मी यावर बोलणार नाही."

"अगं, त्यांना शब्द दिलाय मी."

"तुझा शब्द तू पाळ. नाहीतर मला जे वाटतं ते बोलते."

"काय वाटतं तुला?"

"की हा हलकटपणा आहे. ती पोरं दोन-दोन वर्षं घासून तेवढा एक शब्द शिकतात रे. मी रोज बघते."

सोन्या म्हणाला, "सिनेमा आहे, ताई. तू दवाखाना डोक्यातून काढ." आणि मग, "बरं, राहू दे. बघतो मी." ताईला वाटलं, विषय मिटला. त्या सुमारास दवाखान्यात कामाची झुंबड होती आणि सोन्याकडूनही नव्या सिनेमासाठी तगादा नव्हता. ती मनाशी म्हणाली, रुसला असेल. होईल ठीक.

पंधरवड्याने एक बाई मुलीला घेऊन तपासणीला आल्या. मुलगी सहा-सात वर्षांची, दोन्ही कानांत गुलाबी मशीन. ताईची लाडकी होती ती. ठोकळा डब्यात टाकायला ताईनेच शिकवलं होतं, आणि शब्दांचा सराव घेणाऱ्या बाई रजेवर असत तेव्हा तोही ताईच घ्यायची. मुलगी धावत खुर्चीकडे निघाली. आईने तिचा हात धरून मागे ओढलं.

"तुम्हीच ना त्या?" आई म्हणाली. "दार लावून घ्या म्हणणाऱ्या? मला इतके दिवस कळलंच नाही. परवा ऐकताना एकदम लक्षात आलं."

ताईच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. "हो. मीच."

"मग हिला तपासायला दुसरं कुणी आहे का?"

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कारण तुमच्यासमोर हिला बसवायची माझी इच्छा नाही," आई म्हणाली. ती ओरडत नव्हती, पण पर्सचा पट्टा तिने मुठीत घट्ट पिळला होता. "तुम्ही हिला 'आई' म्हणायला शिकवलंत. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. आणि आता तुम्हीच जगाला सांगता की असा आवाज माणसाचा नसतोच, म्हणून अंगावर काटा येतो. शाळेत पोरं हिच्या मागून तसंच ओरडतात. काल हिने मशीन काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली."

"मी असं काही बोललेले नाही."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

आईने फोन काढला आणि तिथेच, मशीनपाशी, लावला. 'दार लावून घ्या', ताईचा आवाज म्हणाला. मग 'बहिरं घर'ची स्तुती सुरू झाली. ताईचाच आवाज. वाक्याच्या शेवटी खाली उतरायची तिची लकब, 'काटा' म्हणताना 'का' थोडा लांबवायची सवय, सगळं जिथल्या तिथे. 'ऐका ही हाक. हिच्यात माणसाचं काहीच उरलेलं नाही. हे शिकवून येत नाही, हे तळघरातूनच यावं लागतं.' मग तो आवाज हसला. खालच्या पट्टीत, गोड. ताई चॅनेलवर आठ वर्षांत एकदाही हसली नव्हती.

ते इतकं हुबेहूब होतं की ताईच्या मनात क्षणभर आलं, आपण बोललो आणि विसरलो तर नाही. दुसऱ्याच क्षणी तिच्या कानशिलांत रक्त तापलं.

"ताई, हे तुम्ही नाही?" आईने विचारलं.

"आवाज माझा आहे. मी नाही."

हे बोलून झाल्यावर ते किती वेडगळ वाटतं ते तिचं तिलाच कळलं. आईलाही ते तसंच वाटलं असणार. तिने मुलीला उचललं आणि ती निघून गेली. मुलगी खांद्यावरून मागे बघत राहिली, ठोकळ्यांच्या डब्याकडे.

ताई संध्याकाळी तडक आपल्या आईकडे गेली. सोन्या आईबरोबरच राहायचा, त्याच घरात मागच्या खोलीत त्याचं सगळं सामान होतं. आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. आईला भुताटकीचं वावडं, पण लेकीचा आवाज म्हणून प्रत्येक व्हिडिओ ती ऐकायची, काम करता करता, फोन साखरेच्या बरणीला टेकवून.

"आई, तो 'बहिरं घर'चा ऐकलास?"

"ऐकला की. छान बोललीस. शेवटी हसलीस ना, ते फार बरं वाटलं मला. एरवी नुसती गंभीर असतेस."

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. दवाखान्यात त्या बाईचं बोलणं लागलं होतं, पण हे वेगळंच लागलं. तिला पहिल्यांदा ओरडावंसं वाटलं ते इथे, सोन्यावर नाही, आईवर. ज्या बाईने तिला जन्माआधीपासून ऐकलं, तिलाही पत्ता लागला नव्हता.

"ती मी नव्हते, आई."

"म्हणजे?"

ताई मागच्या खोलीत गेली. सोन्या दोन पडद्यांसमोर बसला होता. तिला बघून त्याने एक पडदा बंद केला, तेवढ्यात तिला कळायचं ते कळलं.

"कसं केलंस?"

"काय?" मग त्याने खुर्ची वळवली. "बरं. ऐकलंस तर. अगं, सोपं असतं आता. तुझी आठ वर्षांची रेकॉर्डिंगं आहेत माझ्याकडे. मशीनला ती ऐकवायची, आपण लिहून द्यायचं, ते बोलतं. मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"तुझा राग उतरला की."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, सोन्या."

त्याने हात वर केले, लहानपणी मार चुकवायला करायचा तसे. "हे बघ, दर वेळी तुझ्या मागे मागे करायचं, तुझी सुट्टी बघायची, तुझा मूड बघायचा, तुझं तत्त्व बघायचं. माझंही काही आहे की नाही? चॅनेल मी उभं केलं. तू कपाटात बसायचीस, बाहेर लोकांना तोंड कोण द्यायचं? आणि नुकसान काय झालं? तुझंच कौतुक होतंय. इतके लोक बघतात, एकाच्या तरी लक्षात आलं का? आईला विचार."

आई दारात येऊन उभी होती, हातात कांद्याची सुरी. "मला वाटलं हीच," ती अपराध्यासारखी म्हणाली.

"एका लहान मुलीने कानाची मशीन कचऱ्यात टाकली," ताई म्हणाली. "माझ्या आवाजात कुणीतरी तिला भूत म्हटलं म्हणून. तो व्हिडिओ आत्ता काढ."

"नाही काढता येत. सिनेमावाल्यांशी ठरलंय माझं."

"काढ म्हणते ना."

"ताई, एका पोरीसाठी मी सगळ्यांशी वाकडं घेऊ?"

ताईने टेबलावरचा माईक उचलला. तो फेकायचा तिचा विचार होता. पण तो तिचाच माईक होता, कपाटातला, तिच्या पहिल्या पगारवाढीतून घेतलेला. तिने वायर उपटली, माईक पिशवीत टाकला आणि ती निघाली. मागून सोन्या म्हणाला, "घेऊन जा. लागत नाही आता तो."

त्यानंतरचे दिवस ताईने दातओठ खात काढले. आधी तिने व्हिडिओखाली लिहिलं, की हा आवाज माझा नाही, हा मशीनने केलेला आहे. लगेच उत्तरं आली. 'आल्या खऱ्या ताई.' 'दारवाली ताई असलं रडगाणं लिहीत नाही.' मग तिने स्वतःचा चेहरा समोर धरून फोनवर चार वाक्यं बोलून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंड दाखवलं होतं, केस नीट करून. लोक ते पाहून पोट धरून हसले. एकाने लिहिलं, नक्कल बरी आहे, पण खर्जात दम नाही. दुसऱ्याने दोन्ही आवाज शेजारीशेजारी लावून सिद्ध केलं की सोन्याच्या मशीनचा तोच खरा. ते ताईने पुन्हा पुन्हा ऐकलं. त्या माणसाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. संतापाने तिचा आवाज चढला होता, चिरकला होता. मशीन मात्र शांत होतं. त्याला कशाचा राग यायचा?

दवाखान्यातही तेच. ती पुठ्ठ्याआडून 'दोरी, चमचा' म्हणायची आणि काटा रेघ सोडून लाल पट्ट्यात जायचा. डॉक्टरांनी एकदा काचेवर टकटक केली. "ताई, म्हाताऱ्या माणसांना दचकवताय तुम्ही." ती सॉरी म्हणाली. पुढचा शब्द तिने हळू म्हटला आणि तो म्हणताना तिला वाटलं, हाही कुणीतरी उचलून नेईल. आपलं तोंड उघडलं की आता ते चोरीला जाणार.

सोन्याने तेवढ्यात आणखी तीन व्हिडिओ टाकले. एकात तिच्या आवाजाने प्रेक्षकांना लाडिकपणे विचारलं, 'घाबरलात ना, सोनुल्यांनो?' सोनुल्यांनो. ताईने तो शब्द कधी मांजरालाही वापरला नव्हता.

एका दुपारी शिट्ट्यांची तपासणी चालू असताना तिचा फोन थरथरला. संदेश होता: तुमच्या खात्याचा क्रमांक बदलण्यासाठी हा कोड वापरा, कुणालाही सांगू नका. पाठोपाठ सोन्याचा फोन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ताई, कशी आहेस?" आवाजात लोणी. "अगं, तुझ्या फोनवर एक नंबर आला असेल बघ. तेवढा वाचून दाखव ना."

ताईला हळूहळू उमगलं. चॅनेल उघडलं त्या दुपारी सोन्याचा फोन बिघडलेला होता, म्हणून खात्याला नंबर तिचा दिला होता. आठ वर्षं तो कुणाला आठवलाही नव्हता. आता तिला पुरतं काढून टाकायचं तर तिनेच तो आकडा तोंडाने सांगायला हवा होता.

"मशीनला विचार," ताई म्हणाली.

"काय?"

"माझा आवाज आहे ना तुझ्याकडे. त्याला सांग वाचून दाखवायला."

तिने फोन ठेवला. काचेपलीकडच्या आजोबांना खुणेने थांबायला सांगितलं, उरलेल्या शिट्ट्या नीट वाजवल्या, अहवाल लिहिला. घरी आल्यावर तिने खातं उघडायचा प्रयत्न केला, 'पासवर्ड विसरलात का' यावर बोट ठेवलं, नवा कोड तिच्याच फोनवर आला, आणि ती आत गेली. इतकं सोपं होतं. तिने पासवर्ड बदलला. मग मशीनच्या आवाजातले व्हिडिओ शोधले आणि एकेक करून पुसले. 'सोनुल्यांनो'चा पुसताना तिला बरं वाटलं. 'बहिरं घर'चा पुसताना बरं वाटलं नाही, कारण ज्यांनी ऐकायचा त्यांचा तो ऐकून झाला होता.

सोन्या दुसऱ्या दिवशी तिच्या दारात हजर झाला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. ताई त्याला आत ये म्हणाली नाही, दारावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"पोटावर पाय दिलास माझ्या," तो म्हणाला.

"दोन गोष्टी कर. तुझ्या स्वतःच्या आवाजात चॅनेलवर सांग की ती मी नव्हते. आणि त्या मुलीच्या आईकडे चल माझ्याबरोबर, तोंडावर माफी माग. पासवर्ड देते."

"मी बोलू चॅनेलवर?" त्याला हे खरोखरच अजब वाटलं. "माझा आवाज कोण ऐकणार?"

"नाही ना ऐकणार? मग माझा ऐकतात तर तो काय तुला वाटेत सापडला?"

"तू मोठी आहेस, ताई. एवढं ताणायचं असतं का? मी लहानपणापासून—"

"लहानपण काढू नकोस. तुझ्याजवळ बसून मी बोलले ते तू घाबरू नयेस म्हणून. त्याचं रेकॉर्डिंग असतं तर तेही मशीनला ऐकवलं असतंस."

सोन्याने मान खाली घातली. तिला वाटलं, आता हा हो म्हणेल. तिच्या नकळत तिचा हात दारावरून निघालाही. पण तो म्हणाला, "त्या बाईकडे वगैरे मी येणार नाही. मी काय गुन्हा केलाय का?" आणि जिना उतरून गेला. खालून त्याने गाडी अशी जोरात काढली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई म्हणाली, तो जेवत नाहीये, दे ना बाई त्याला काय हवं ते, घरातली गोष्ट आहे. ताई म्हणाली, "घरातली असती तर घरात राहिली असती, आई." आई रडली. ताई ऐकत राहिली आणि मऊ झाली नाही, आणि आपण मऊ होत नाही याचाही तिला राग आला.

त्या रविवारी सकाळी ती कपाटात शिरली. कोट आता जुने झाले होते, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिने काही लिहून घेतलं नव्हतं. 'दार लावून घ्या' ती म्हणाली नाही. सरळ सांगायला लागली, की तुम्ही ऐकलंत ते कुणी केलं, कसं केलं, आणि तो माझा भाऊ आहे. मग 'बहिरं घर'बद्दल बोलली. एक मूल ठोकळा कानाशी धरून बसतं आणि आवाजाची वाट बघतं, ते सांगितलं. त्याला स्वतःचा आवाज कसा ऐकू येत नाही, तरी ते आपल्या गळ्याला हात लावून, शिकवणारीच्या गळ्याला हात लावून, थरथर मोजून एक शब्द जुळवतं, ते सांगितलं. आणि तो शब्द कुणी तळघरात लपवून तुम्हाला किंचाळायला लावलं, तुम्ही किंचाळलात, पैसे वसूल म्हणालात. मला भुतांचे सिनेमे आवडतात, ती म्हणाली, आणि म्हणून मला या सिनेमाची घाण वाटते. तिचा आवाज दोनदा चिरकला. एकदा तर फुटलाच. तिने ते कापलं नाही. चित्रं लावता येत नव्हती, म्हणून काळ्या पडद्यावरच तिने ते चढवून दिलं.

जे व्हायचं तेच झालं. काहींनी विश्वास ठेवला. बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या, भावाचं घर मोडणारी म्हणाले. सिनेमावाल्यांनी वकिलाची धमकी दिली आणि मग ते विसरूनही गेले, कारण त्यांचा सिनेमा थिएटरांतून उतरला होता. चॅनेल सोडून पुष्कळ लोक गेले. सोन्याने महिन्याभरात दुसरं चॅनेल काढलं, त्यात एका पुरुषाचा विकतचा आवाज होता.

दवाखान्यात ती बाई मुलीला घेऊन आली. ताईने सहकाऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाली, "नको. तुम्हीच करा." मुलीला खुर्चीत बसवून ती ताईजवळ आली. "मी ऐकलं तुमचं. सगळं ऐकलं." मग म्हणाली, "शाळेत पोरं अजून ओरडतात. सांगितलेलं बरं."

"हो," ताई म्हणाली. तिने पुठ्ठा उचलला. काटा रेघेवर ठेवायला तिला त्या दिवशी फार जपावं लागलं.

घरी पोचते तोच आईचा फोन. हल्ली आई दोघांमध्ये निरोप पोचवायची, कुणी न सांगताच.

"तुझं ते काळ्या पडद्याचं आहे ना, ते काल त्याने ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी स्वयंपाकघरातून बघत होते."

"मग?"

"काही बोलला नाही. जेवला आणि झोपला."

"झोप लागली त्याला?"

"लागली की. घोरत होता."

"बरं आहे," ताई म्हणाली. "मला नाही लागत."

"इतका राग बरा नाही गं, बाळा. स्वतःलाच खातो."

"माझं एवढंच तर राहिलंय ज्याची नक्कल त्याला जमली नाही. असू दे."

आईने विचारलं, रविवारी जेवायला येतेस का. ताई म्हणाली, तो घरात नसेल तेव्हा सांग, येते.